ऑल-वेदरचा फॉर्म कसा वाचायचा?

वर एकांनी विचारलंय की मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सला पेनेट्रोमीटरचं (जमीन किती मऊ-कडक ते मोजणारं साधन) रीडिंग बघून घोडा निवडणाऱ्याने इंग्लंडच्या ऑल-वेदर (कृत्रिम ट्रॅकवरच्या) रेसमध्ये काय बघावं. आणि त्यावर "सगळे सिंथेटिक ट्रॅक सारखेच, टर्फचा फॉर्म सोडून द्या" (म्हणजे गवतावरची आधीची कामगिरी बघूच नका) असं उत्तर आलंय. ते मला अजिबात पटलेलं नाही.

पावसाने ट्रॅक बिघडत नाही एवढं खरं, पण पृष्ठभाग एक नाही. लिंगफिल्ड, केम्प्टन, चेल्म्सफर्ड या रेसकोर्सना पॉलिट्रॅक हा सिंथेटिक पृष्ठभाग. न्यूकॅसल, वुल्वरहॅम्प्टनला टॅपेटा हा दुसरा. साउथवेलला 2021 पर्यंत जड फायबरसँड (तिसरा प्रकार) होती, नंतर टॅपेटा आला. म्हणून कार्डावर नुसतं "कोर्स विनर" (याच रेसकोर्सवर आधी जिंकलेला) वाचून भुलू नका, तो विजय कोणत्या सालचा ते आधी बघा.

मग ट्रॅकचा आकार. केम्प्टन आपल्या महालक्ष्मीसारखा उजव्या हाताचा. तिथे 5 आणि 10 फर्लांगच्या (एक फर्लांग म्हणजे साधारण 200 मीटर) रेस आतल्या वळणावरून होतात, सरळ पट्टा आखूड. मागून येणाऱ्या घोड्याला जागा मिळेपर्यंत विनिंग पोस्ट आलेलं असतं, त्यामुळे पुढे राहणारा आणि आतला ड्रॉ (सुटण्याची जागा) मिळालेला घोडा मी आधी निवडतो. न्यूकॅसलला उलट: पूर्ण मैल सरळ आणि शेवट दमवणारा. तिथे सुरुवातीला पळत सुटणारे पुष्कळदा शेवटच्या फर्लांगात दमून मागे पडतात.

रेटिंगही तपासाच, हँडिकॅप रेसमध्ये घोड्यावर किती वजन ते त्यावरून ठरतं. तिकडे एकाच घोड्याला टर्फचं आणि ऑल-वेदरचं वेगळं रेटिंग असू शकतं. टर्फवर चांगला पळालेला घोडा ऑल-वेदरला जुन्या, कमी रेटिंगवर उतरला असेल तर वजनात सरळ फायदा. मात्र पुढच्यांच्या टापांनी उडणारं मटेरियल तोंडावर घेऊन तो आधी पळालाय का, ते रिप्ले बघूनच ठरवा.