बीक्रिप्टची ७२ बाइटची मर्यादा आणि मराठी पासवर्ड: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत युजरचे पासवर्ड साठवायला पासवर्ड_हॅश हे फंक्शन वापरतोय; ते मूळ पासवर्डऐवजी त्यापासून बनवलेला, उलटा न फिरवता येणारा मजकूर (हॅश) देतं. तो बनवायचा अल्गोरिदम बीक्रिप्ट. बीक्रिप्ट पासवर्डचे पहिले ७२ बाइटच बघतं. इंग्रजी अक्षरांना एवढे पुरतात, पण यूटीएफ-८मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रासुद्धा वेगळ्या मोजायच्या. म्हणजे २४ चिन्हांतच खेळ खलास! कुणी लांबलचक मराठी वाक्य पासवर्ड म्हणून ठेवलं, तर शेवटचे शब्द चुकले तरी पासवर्ड तपासणारं पासवर्ड_व्हेरिफाय फंक्शन खुशाल 'बरोबर' म्हणतं. करून पाहिलंय.

आधी पासवर्डचा शा-२५६ (कितीही लांब मजकुराचा ठरावीक लांबीचा हॅश) काढून, तो बेस६४ने साध्या अक्षरांत बदलून बीक्रिप्टला द्यावा, की सरळ आर्गॉन२आयडी या दुसऱ्या पासवर्ड-हॅश अल्गोरिदमवर जावं? मला दुसरं बरं वाटतं, पण त्याला मेमरी जास्त लागते आणि सर्व्हरवर ती बेताचीच आहे. आणि जुने हॅश लॉगिनच्या वेळी (मूळ पासवर्ड तेव्हाच हाती येतो) बदलायचे म्हटलं, तर जे युजर फिरकतच नाहीत त्यांचं तुम्ही काय करता?