मदत हवी आहे : मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा स्कार (जखम भरताना आत तयार होणारा व्रण) नेमका कोणत्या तपासणीत दिसतो?

मागवाला_सोलापूर
वडिलांच्या कमरेच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाल्यावर पाय चांगला बरा झाला होता, परंतु आता डाव्या पायात टाचेपर्यंत पूर्वीसारखीच कळ जाते. एमआरआय केला, तर अहवालात ‘स्कार किंवा पुन्हा सरकलेली चकती’ (मणक्यांमधली गादी) असे दोन्ही लिहिले आहे. असे मोघमच लिहायचे होते, तर तपासणी कशासाठी केली? स्कार नेमका कुठे आहे हे दाखवणारी तपासणी सोलापुरात होते की पुण्याला जावे लागेल, एवढेच कृपया सांगावे.

होटगी_रस्ता
शस्त्रक्रिया कधी झाली, स्क्रू बसवले आहेत का आणि एमआरआय इंजेक्शन देऊन केला की साधा, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

जुळे_सोलापूरकर
माझ्या आईच्या कंबरदुखीचे मूळ हाडांच्या ठिसूळपणात निघाले. हाडांची घनता अवश्य तपासावी.

मागवाला_सोलापूर
हाडांचा प्रश्न मी विचारलेला नाही. शस्त्रक्रिया गेल्या दिवाळीच्या आधी झाली, केवळ चकती काढली, स्क्रू नाहीत. इंजेक्शन दिले नव्हते.

क्षकिरण_निवृत्त
मग अहवाल मोघम येणारच. साध्या एमआरआयमध्ये स्कार आणि चकतीचा तुकडा पुष्कळदा सारखेच दिसतात. गॅडोलिनियमचे (प्रतिमेत उजळ दिसणाऱ्या ‘कॉन्ट्रास्ट’ औषधाचे) इंजेक्शन दिले, की स्कारमध्ये रक्तवाहिन्या असल्यामुळे तो काही मिनिटांतच सगळा उजळतो. चकतीच्या तुकड्यात त्या नसल्याने त्याचा गाभा काळा राहतो आणि फक्त कडा उजळते. मात्र इंजेक्शननंतरच्या प्रतिमा लगेच घ्याव्या लागतात, कारण अर्धा तास उलटला तर औषध झिरपून चकतीही उजळू लागते. चिठ्ठीवर ‘कॉन्ट्रास्टसह’ असे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि शस्त्रक्रियेपूर्वीचा एमआरआय सोबत न्यावा. ही तपासणी सोलापुरात होते.

डेक्कन_पुणे
पुण्याला येऊन ३ टेस्लाच्या (जास्त शक्तीच्या चुंबकाच्या) यंत्रावरच करावे. आमच्या काकांचे निदान तिथेच झाले.

क्षकिरण_निवृत्त
या प्रश्नासाठी १.५ टेस्ला पुरेसे आहे. पायात कळ असलेल्या माणसाला तीन-चार तास गाडीत बसवून मिळणार काय? स्क्रू असते, तर ३ टेस्लावर धातूमुळे प्रतिमा उलट अधिक बिघडली असती.

डेक्कन_पुणे
प्रतिमा स्पष्ट असलेली केव्हाही चांगलीच, हे तरी मान्य करावे.

वहिनी_पंढरपूर
माझ्या दिरांना पेसमेकर असल्यामुळे एमआरआय नाकारला आणि मणक्यात औषध सोडून सीटी केला. तोही पर्याय आहे.

होटगी_रस्ता
इथे पेसमेकर कुठे आहे, वहिनी? शिवाय स्कार दिसला म्हणजे दुखण्याचे कारण सापडले, असे कोणी समजू नये. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर थोडाफार स्कार बहुतेकांच्या शरीरात तयार होतो आणि अनेकांना त्याचा काहीही त्रास होत नाही. ज्या नसेमुळे टाचेपर्यंत कळ जाते, तिलाच तो वेढून बसला आहे का, हे डॉक्टरांनी रुग्णाला तपासून आणि प्रतिमांशी ताडून ठरवायचे असते. केवळ स्कार काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया केली, तर तिथे नवा स्कार होतो, म्हणून ‘दोन्ही शक्य’ यातले खरे कोणते, हे आधी कळणे महत्त्वाचे.

क्षकिरण_निवृत्त
सहमत. वडिलांना मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार आहे का?

मागवाला_सोलापूर
मधुमेह आहेच, साठीनंतर तो कोणाला नसतो? त्याचा मणक्याशी काय संबंध?

क्षकिरण_निवृत्त
मणक्याशी नाही, इंजेक्शनशी आहे. रक्तातील क्रिएटिनिन आधी तपासून घ्यावे; त्यावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडे रक्त किती गाळतात त्याचा आकडा) ३० च्या खाली असेल, तर गॅडोलिनियम द्यावे की नाही आणि कोणत्या प्रकारचे, हे तज्ज्ञांना विचारूनच ठरवावे लागते. आणि लघवी अडली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

मागवाला_सोलापूर
तसे काही झालेले नाही. क्रिएटिनिन उद्या सकाळी देतो.