खोकला होता, पण मूळ प्रोस्टेटमध्ये निघालं
प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कॅन्सर हाडांतच पसरतो, कंबर दुखत नसेल तर काळजी नको, असं काही जण म्हणतात. बहुतेकदा आधी हाडं आणि लसीकाग्रंथी, हे बरोबर. पण तो फुप्फुसातही जातो, आणि तिथे कित्येकदा काही जाणवतही नाही.

आमच्या नानांचं सांगतो. चोपड्याकडे केळीची शेती, विडी जुनी. खोकला हटेना म्हणून जळगावला नेलं, तर एक्स-रेत दोन्हीकडे गाठी. आधी टीबी वाटला, थुंकीत निघाला नाही. मग फुप्फुसाचाच कॅन्सर धरून आम्ही खचलो. रात्री चारदा लघवीला उठतात, हे काकूंनी बोलता बोलता सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या प्रथिनाची रक्ततपासणी) करायला लावला. साधारण ४ च्या आत हवा, तो काहीशे आला! तरी नुसत्या आकड्यावर न थांबता त्यांनी गाठीतून सुईने तुकडा काढला. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत (तुकड्यातल्या पेशी मूळच्या कुठल्या अवयवाच्या, हे प्रथिनांवरून ओळखणारी तपासणी) प्रोस्टेटच्या खुणा, म्हणजे पीएसए आणि एनकेएक्स३.१ पॉझिटिव्ह, आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये बरेचदा दिसणारी टीटीएफ-१ निगेटिव्ह, म्हणजे मूळ प्रोस्टेटमध्ये. ही तपासणी मागून घ्याच, कारण उपचार पूर्ण बदलतो. नानांना पुरुषी हार्मोन दाबणारं इंजेक्शन सुरू झालं आणि पुढच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी लहान झालेल्या दिसल्या.