मदत हवी आहे: डीआयआर पद्धत पटते, पण 'आपण आणि बाकीचे' हे पचत नाहीये

लोकहो, मागे मास्कमध्ये पाणी शिरतं म्हणून इथे विचारलं होतं, तेव्हा फार कामाची उत्तरं आली होती. म्हणून हेही गाऱ्हाणं इथेच मांडतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझ्या साधारण ९० स्कूबा डाइव्ह झाल्यात, त्यातल्या बहुतेक आतेभावाबरोबर. दादा पंधरा वर्षं डाइव्ह करतोय आणि मला पाण्यात उतरवणाराही तोच. त्याचा जुना जाकीट बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट), पिवळा ऑक्टोपस (बडीला, म्हणजे जोडीदाराला, द्यायचा जादा रेग्युलेटर, ज्यातून श्वास घेतात), सगळं सुरुवातीच्या कोर्समध्ये शिकवतात तसं. सहा महिन्यांपूर्वी मी डीआयआरवाल्या एका गटात शिरले आणि तिथून ही भानगड सुरू झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डीआयआर म्हणजे 'डूइंग इट राइट'. (नावातच बाकीच्यांना चुकीचं ठरवून मोकळे!) हे सगळं आलं फ्लोरिडातल्या पाण्याखालच्या गुहांमधून. बिल हॉगार्थ मेन या गुहा-डायव्हरच्या नावाने ओळखली जाणारी मोजकी, सुटसुटीत मांडणी हा त्याचा पाया. ९०च्या दशकात वुडविल कार्स्ट प्लेन प्रोजेक्ट या तिथल्या गुहा शोधणाऱ्या गटाच्या जॉर्ज अर्विन आणि जॅरॉड जॅब्लॉन्स्की यांनी त्यातून आख्खी पद्धत उभी केली. टीममधल्या प्रत्येकाची साधनं सारखी, गॅस ठरलेले, कवायती ठरलेल्या. १९९८ मध्ये जॅब्लॉन्स्कींनी जीयूई (ग्लोबल अंडरवॉटर एक्सप्लोरर्स) ही प्रशिक्षण संस्था काढली. २००७ मध्ये तिथल्याच टर्नर सिंकमधून शिरून वकुला स्प्रिंग्जमधून बाहेर पडणारी जवळजवळ ११ किलोमीटरची डाइव्ह झाली, तीही याच लोकांची. तेवढ्या आत, तेवढ्या खोलवर शेजाऱ्याची नळी कुठे आहे हे अंधारात हाताला माहीत असायला हवं, यात वादच नाही.

आणि मला फायदा झालाय, हे आधीच कबूल करते. पहिल्या दिवशी त्यांनी माझा व्हिडिओ काढला. मला वाटत होतं मी पाण्यात छान आडवी आहे. व्हिडिओत बघते तर समुद्री घोड्यासारखी उभी, आणि खाली फिन्सने उडवलेल्या गाळाचा ढग! आता फ्रॉग किक (बेडकासारखे पाय मारणं) जमते, ६ मीटरवर मास्क काढून परत लावेपर्यंत अर्धा मीटरही हलत नाही. मागे सरकणं अजून रडतखडत चाललंय.

अडचण माणसांची आहे. अर्विन त्या काळी पद्धतीबाहेरच्यांना सरळ 'स्ट्रोक' म्हणायचे आणि स्ट्रोकबरोबर डाइव्ह करू नका हा पहिला नियम सांगायचे. आमच्या गटात तो शब्द कोणी तोंडावर वापरत नाही, पण नजर तीच. मागच्या महिन्यात बोटीवर एका माणसाचं गेज (सिलिंडरचा दाब दाखवणारं) लोंबकळत होतं. आमच्यातला एकजण पुटपुटला, "चालला प्रवाळ खरवडायला." सगळे हसले. मीही हसले. आणि अर्ध्या तासापूर्वी माझ्या सिलिंडरचा ओ-रिंग (रबरी कडं) फुसफुसत होता तेव्हा स्वतःच्या डबीतून नवा काढून देणारा माणूस तोच होता. त्याने ऐकलं. काही बोलला नाही, वाकून गेज पट्ट्यात खोचलं.

आता पुढच्या महिन्यात दादाबरोबर डाइव्ह ठरली आहे. गटात सांगितलं तर उत्तर आलं, "त्याला आधी कोर्स करायला सांग, नाहीतर तू त्याची बडी नाहीस, त्याची आया आहेस." दादाला अर्थातच हे सांगितलेलं नाही.

तर विचारायचंय असं. वेगळी मांडणी असलेल्या माणसाबरोबर सुरक्षित डाइव्ह करता येते का, आणि कशी? यातलं खरंच गरजेचं काय आणि गुहेतून सवयीने आलेलं काय? आणि गटात राहायचं तर हे टोमणे कसे थांबवायचे? पद्धत सोडायची नाहीये.

प्रतिसाद: खारंपाणी
दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. सात फुटी होज (रेग्युलेटरची नळी) गुहेसाठीच आला. अरुंद बोळातून एकामागे एक जाताना मागच्याला गॅस देता यावा म्हणून. मोकळ्या पाण्यात एवढी लांबी लागत नाही, पण अडचणही होत नाही. याउलट तोंडातला रेग्युलेटर देऊन आपण हनुवटीखाली लटकवलेला दुसरा घ्यायचा, हे कुठेही शहाणपणाचंच. तोंडातला चालू आहे हे नक्की असतं, आणि घाबरलेला माणूस तसाही तुझ्या तोंडाकडेच झेपावतो. क्रॉच स्ट्रॅपने (दोन पायांमधल्या पट्ट्याने) विंग, म्हणजे पाठीवरची हवेची पिशवी, वर सरकत नाही, म्हणून तो असतो. स्प्लिट (मधोमध चिरलेल्या) फिन्सवर नाक मुरडतात त्यातही थोडं तथ्य आहे, त्यांनी मागे सरकणं जड जातं. साधनं काळ्या रंगाचीच का, ते मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही.

प्रतिसाद: तळ_गाठलेला
मी गेली आठ वर्षं याच पद्धतीने डाइव्ह करतो, त्यामुळे दुसरी बाजूही मांडतो. 'उच्चभ्रू' म्हणून आम्हाला झोडपणं सोपं आहे. पण एक गणित बघा. ३० मीटरवर बडीचा गॅस संपला. दोघं घाबरलेले, प्रत्येकी मिनिटाला २० लिटर धरा, म्हणजे ४०. वर येताना सरासरी खोली १५ मीटर, म्हणजे दाब अडीच बार. सावरायला एक मिनिट, थांबे धरून सावकाश वर यायला दहा. ४० गुणिले २.५ गुणिले ११, झाले ११०० लिटर. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये हे सुमारे ९२ बार. आता 'तळाशी ५० बार होईपर्यंत फिरू' म्हणणाऱ्या माणसाबरोबर मी का उतरू? तो माणूस वाईट नाही, पण त्याच्याकडे माझ्यापुरता गॅस नाही. तुमच्या गटाचं बोलणं चुकलंच, त्याबद्दल दुमत नाही. मात्र बडी निवडायला नकार देणं म्हणजे अपमान नव्हे.

धागाकर्ती:
@तळ_गाठलेला, गणित मान्य. गंमत म्हणजे दादा ३० मीटरवरून १०० बारलाच वर निघतो. का ते त्याला विचारलं तर म्हणतो, "मला घाई आवडत नाही." आकडेमोड त्याने आयुष्यात केलेली नाही. आमच्या गटातल्या कोणी त्याला हा प्रश्न विचारला असता तर बरं झालं असतं. सगळ्यांनी फोटोतला बीसीडी बघूनच निकाल दिला.

प्रतिसाद: बुडबुडा
सोडा तो गट. डाइव्हिंग मजेसाठी आहे, शाळेची कवायत नाही.

प्रतिसाद: तळ_गाठलेला
@बुडबुडा, असं म्हणणाऱ्यांना मी दोनदा हात धरून वर आणलंय.

प्रतिसाद: खारंपाणी
झालं, पेटले दोघं. ताई, पहिल्या प्रश्नावर येतो.

मिश्र जोडी चालते, फक्त 'तो समजून घेईल' यावर काही सोडू नका. जमिनीवर, सगळी साधनं अंगावर चढवून, एकमेकांसमोर उभे राहा. तुमचा होज उजव्या काखेखालून छातीवरून, मानेमागून तोंडाशी येतो. दादांनी तो प्रत्यक्ष तुमच्याकडून हातात घेऊन तोंडात घालायचा, तीनदा. मग उलट. त्यांचा ऑक्टोपस नेमका कुठे अडकवलाय ते बोट लावून दाखवायला सांगा आणि तुम्ही डोळे मिटून तो ओढून बघा. निघत नसेल तर क्लिप बदला. हेच पुढे ३-४ मीटरवर करा. इशारे जुळवा, वर निघायचा आकडा दोघांचा एकच ठरवा, आणि तो बोटीवर मोठ्याने म्हणा. वीस मिनिटांचं काम आहे. टीम टीम म्हणतात ती याहून फार वेगळी नसते.

टोमण्यांचं म्हणाल तर भाषण देऊ नका. पुढच्या वेळी कोणी हसलं की विचारा, "त्यात धोका नक्की काय आहे?" धोका असला तर त्याला तो समजावून सांगावा लागेल, नसला तर गप्प बसावं लागेल. मी हे माझ्या इन्स्ट्रक्टरवर केलं होतं. पहिल्यांदा चिडला. दुसऱ्यांदा त्याने स्वतः जाऊन त्या माणसाला गेज क्लिप करून दिलं.

धागाकर्ती:
खूप आभार. तो ओ-रिंगवाला मला पुढच्या बोटीवर भेटेल की नाही माहीत नाही, पण मी हसले ते माझंच होतं, ते गटावर ढकलत नाही.

काल दादाबरोबर हॉलमध्ये सगळं चढवून उभी राहिले. होज दिला तर त्याने उलटा तोंडात घातला, मग हसू आवरेना. चौथ्यांदा जमलं. त्याचा ऑक्टोपस मात्र मला डोळे मिटून सापडलाच नाही, जाकिटाच्या खिशामागे गेला होता. पंधरा वर्षं तिथेच असतो म्हणे! आता छातीवर आणलाय, आणि तो चक्क "बरं वाटतं" म्हणाला.

एक बारीक शंका राहिली. आमच्या गटात सगळे होजचा मधला भाग कमरेला लावलेल्या टॉर्चच्या बॅटरीच्या डब्याखाली अडकवतात. माझ्याकडे डब्याचा टॉर्च नाही, होज तरंगत राहतो. काय करू?

प्रतिसाद: खारंपाणी
कमरेच्या पट्ट्यात खोचा, उजवीकडे. ओढला की सहज सुटेल एवढाच.