झाड कापायच्या कामात पडायचं म्हणतोय, सुरुवात कुठून करू?

म्हसरूळचा_पोरगा

नमस्कार मंडळी. वय २४. नाशिकच्या अंबडला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होतो, दिवाळीनंतर ब्रेक दिला तो दिलाच. मे महिन्यात वळवाच्या पावसात आमच्या गल्लीतला गुलमोहर एका उभ्या गाडीवर आडवा झाला. दोन माणसं आली, एकाकडे चेनचं कटर मशीन, दुसऱ्याकडे दोर. तीन तासांत गल्ली मोकळी, आणि पैसे मोजून घेऊन गेले. तेव्हापासून डोक्यात हेच आहे. वडील सुतारकाम करतात, त्यामुळे हत्यारांची सवय आहे. उंचीची भीती नाही. मशीनसाठी वीस-बावीस हजार बाजूला काढलेत. कोणतं घेऊ? लायसन लागतं का? कामं कुठून मिळतात? आई म्हणते, "आता लाकूडतोड्या होणार का?"

सातपूर_एक्स्प्रेस

ऑनलाइन सात-आठ हजारात मशीन मिळतं. व्हिडिओ बघून दोन दिवसांत शिकशील. माझ्या मेव्हण्याने तसंच केलं.

दोरवाला_पंचवटी

सातपूरवाल्या भाऊ, मेव्हण्याची दहाही बोटं मोजून घ्या एकदा.

म्हसरूळच्या मित्रा, आईला सांग की गोष्टीतल्या लाकूडतोड्याची कुऱ्हाड नदीत पडली तर देव वर आला. आपलं मशीन गोदावरीत पडलं तर कोणी येत नाही. मी १९ वर्षं या धंद्यात आहे, म्हणून सांगतो, मशीन घेऊ नकोस. निदान वर्षभर तरी नको.

माझे उस्ताद हरसूलकडचे. त्यांनी पहिली दोन वर्षं मला मशीनला हात लावू दिला नाही, दोर दिला. वरचा माणूस फांदी बांधून कापतो, खालच्याने दोराला बुंध्याभोवती वेढे मारून ती हळूहळू सोडायची. वेढे कमी पडले तर फांदी खाली आणि तू वर. जास्त झाले तर फांदी अधांतरी लटकते आणि वरचा आईबहिणीवरून सुरू होतो. किती वजनाला किती वेढे, हे कुठल्या पुस्तकात नाही, ते तळहाताला कळतं. आणि खाली उभं राहून झाड जेवढं दिसतं तेवढं वर चढून दिसत नाही.

आधी झाडाभोवती एक चक्कर मार. डोक्याचा भार कुठल्या बाजूला आहे? बुंध्याशी अळंबी उगवलीय का? कुऱ्हाडीची पाठ मारून बघ, भरीव खोड टणक वाजतं, पोकळ असेल तर डबडब आवाज येतो. आग्या मोहोळ आहे का, हेही बघ. हसू नकोस, आमचा एक माणूस मधमाश्यांमुळेच वरून घाईत उतरला आणि पाय मोडून बसला.

पाडायची रीत अशी. ज्या बाजूला पाडायचं तिकडून खाच घ्यायची, बुंध्याच्या जाडीच्या पाव ते एकतृतीयांश. मग मागून काप, खाचेच्या तळापेक्षा किंचित वर. हा काप खाचेला भिडू द्यायचा नाही. मध्ये जाडीच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढं लाकूड ठेवायचं, म्हणजे दीड फुटी बुंध्याला पावणेदोन इंच. ही बिजागरी. दाराला जशी, तशीच झाडाला. ती असेपर्यंत झाड तुझ्या म्हणण्यात आहे. कापून टाकलीस की ते स्वतःच्या मनाने जातं. मागच्या कापात पाचर ठोकत जायची, नाहीतर झाड मागे बसतं आणि मशीनची पट्टी, जिच्यावर चेन फिरते ती, कापात अडकते. पळायची वाट आधीच साफ करायची, पडण्याच्या दिशेच्या उलट पण तिरकी. नाकासमोर मागे पळायचं नाही, बुंधा मागे उसळतो.

एका बाजूला फार झुकलेलं झाड नवख्याने बघायचंही नाही. मागून कापताना खोड मधोमध उभं चिरतं आणि फळकूट छातीवर येतं. निलगिरीचं मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझ्या डाव्या गुडघ्यावर अकरा टाके आहेत. झाड पाडताना नाही पडले. फांदी कापून झाली होती, चेन अजून फिरत होती, आणि मी पाऊल पुढे टाकलं. एवढंच. म्हणून तुझ्या बावीस हजारांतून आधी जाळीचं हेल्मेट, कानाला मफ आणि चेन अडवणारी पँट घे. त्या पँटच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली की धागे ओढले जाऊन मशीनच्या चाकात गुंततात आणि चेन जागेवर थांबते. उन्हाळ्यात जीव नकोसा होतो, तरी घालायची.

गंगापूररोड_ताई

लायसनचं मी सांगते, माझं अर्धं आयुष्य या अर्जांत गेलंय. कापणाऱ्याला वेगळं लायसन नाही, पण प्रत्येक झाडाला परवानगी लागते. महापालिका हद्दीत १९७५चा झाडांचा कायदा आहे, परवानगी वृक्ष प्राधिकरणाकडून. झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी. २०२१च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा जास्त वयाचं झाड हेरिटेज धरतात, त्याचे नियम आणखी कडक. खेड्यात १९६४चा कायदा लागतो. साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, फणस, खैर, चंदन अशी झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, बांध तुमचा असला तरी. आणि मालक "मी बघतो" म्हणाला म्हणून तुम्ही सुटत नाही, तोडणाराही गुन्हेगारच. परवानगीचा कागद हातात घ्या, झाड मोजून ताडून बघा, मगच दोर काढा. सिंहस्थाच्या तयारीत तपोवनातल्या झाडांवरून नाशिक किती पेटलं होतं, आठवतंय ना? आता मशीनचा आवाज आला की खिडकीखिडकीतून मोबाइल बाहेर येतात. आणि माझ्या मते यायलाच हवेत.

दोरवाला_पंचवटी

ताई बरोबर बोलल्या. कागद न दाखवणाऱ्याचं काम मी घेत नाही. त्यात माझी दोन गिऱ्हाइकं तुटली, तुटू देत.

कामाचं म्हणशील तर नुसती पाडापाडी करून पोट भरत नाही. सोसायट्यांच्या धोकादायक फांद्या, वादळातली पडझड, नारळ साफ करणं. दिंडोरी-पिंपळगावकडे ऑक्टोबरच्या छाटणीआधी बांधावरच्या झाडांची सावली द्राक्षबागेवरून काढायची असते, तेही बरंच काम. लाकूड वखारीला गेलं तर चार पैसे वर. विजेच्या तारेजवळचं काम मात्र लाइन बंद झाल्याचं स्वतः बघितल्याशिवाय नाही. "फोन केलाय, बंद होईल" यावर चढायचं नाही. ओल्या फांदीतून करंट येतो.

रविवारी सकाळी साडेसहाला पेठ फाट्यावर ये. मखमलाबादला करंज उतरवायचाय, कागद झालाय. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बूट, डबा. मशीन विसर.

म्हसरूळचा_पोरगा

आलो जाऊन. दिवसभर फांद्या ओढल्या. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं काम मिळालं, लिटरला २० मिली, दादांनी तीनदा मोजायला लावलं. चारच्या सुमाराला शेवटच्या फांदीचा दोर हातात दिला. मी घाबरून चार वेढे मारले. फांदी मधेच लटकली, आणि वरून जे ऐकलं ते इथे लिहिता येणार नाही. आईने हात बघून काही विचारलं नाही, नुसतं खोबरेल आणून दिलं. सुती हातमोजे एका दिवसात फाटले, तुम्ही कुठले वापरता?

दोरवाला_पंचवटी

वेल्डिंगवाल्यांचे चामड्याचे. आणि त्या फांदीला दोनच वेढे पुरले असते.