रोजच्या जेवणातली स्वस्त इटालियन रेड वाइन: तुम्ही पारख कशी करता?

मंडळी,

इटालियन रेड म्हटलं की बारोलो, ब्रुनेल्लो, आमारोने या महागड्या वाइन्सवर भरभरून लिहिलं जातं. हा धागा वेगळ्या बाटल्यांसाठी काढतेय. तिकडच्या सुपरमार्केटात चार ते आठ युरोंना मिळणारी, कुठल्याही साध्या रात्री जेवताना उघडावी अशी रेड तुम्ही कशी निवडता, चाखताना काय बघता, आणि कुठली परत घरी आणता? तिथे राहणारे, राहून आलेले, इकडे घेऊन पिणारे, सगळ्यांनी लिहा.

सुरुवात मी करते. स्वस्त वाइनला पहिल्या घोटावर गुण देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या घोटाला छाप पाडणं अवघड नसतं. थोडी साखर मागे राहू दिली, ओकचे तुकडे घालून व्हॅनिलाचा वास आणला, की माणूस खूश होतो. जेवण अर्ध्यावर आल्यावर हात आपसूक ग्लासाकडे जातो का, हे मी बघते. आंबटपणा शाबूत असलेल्या वाइनकडेच तो जातो. माझी नेहमीची म्हणजे टस्कनीतली साधी कियांती. तिच्यात सांजोवेझे द्राक्ष किमान ७० टक्के लागतं. चेरीची आंबटसर चव, शेवटाला किंचित कडवटपणा, आणि टोमॅटोच्या सॉसपुढे ती दबत नाही. बाटलीवर द्राक्षं कुठल्या वर्षीची ते बघते, कारण या किमतीची वाइन दोन-तीन वर्षांत पिऊन टाकायची असते. मागच्या लेबलवर 'इम्बोतिल्यातो आल्लोरिजिने' असेल, तर ज्यांनी द्राक्षं पिकवली त्यांनीच ती भरलीय, हे कळतं. दोन बाटल्या सारख्याच वाटल्या तर मी ही उचलते.

तुरीनहून

बार्बेरा! पिएमोन्तेचं, म्हणजे आमच्या तुरीनच्या प्रांताचं, नाव बारोलोमुळे झालं, पण इथली माणसं रोज पितात ती बार्बेरा नाहीतर दोल्चेत्तो, दोन्ही इथल्या द्राक्षांच्या. बार्बेरात आंबटपणा भरपूर आणि टॅनिन, म्हणजे तोंड कोरडं करणारा तुरटपणा, कमी, म्हणून चीज, लोणी, मांस, कशाबरोबरही चालते. 'बार्बेरा दास्ती' पाच-सहा युरोंत छान मिळते. माझी खूण: घोट गिळल्यावर जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटलं पाहिजे. तोंड चिकट झालं की ती बाटली पुन्हा आणत नाही.

एक गोष्ट इथल्या वयस्कर लोकांकडून हटकून ऐकायला मिळते. १९८६ साली स्वस्त वाइनमध्ये विषारी मिथेनॉल मिसळलं गेलं, वीसहून जास्त माणसं गेली, काहींची दृष्टी गेली. बार्बेराचं नाव त्यात फार खराब झालं. पुढे तपासणी कडक झाली आणि पिएमोन्तेतल्या बऱ्याच शेतकऱ्यांनी ढीगभर पिकवण्याऐवजी नेटकं पिकवायला घेतलं. आज सहा युरोंत जी बाटली मिळते तिच्यामागे हे सगळं आहे.

रोमहून

बाटलीच का? आमच्या गल्लीत 'वीनो स्फूसो'चं, म्हणजे सुट्या वाइनचं दुकान आहे. भिंतीला स्टीलच्या टाक्या, प्रत्येकीला नळ, वर खडूने लिहिलेलं द्राक्षाचं नाव आणि लिटरचा भाव. आपली बाटली आपण न्यायची. दुकानदार काका तिच्यात आधी दोन घोट वाइन घालतात, फिरवतात, ओतून टाकतात आणि मग भरतात. पाण्याने धुतलेल्या बाटलीत साबणाचा नाहीतर फडक्याचा वास राहतो, तो अशाने जातो. घरी नवे ग्लास काढले की मीही आता हेच करते. फार फरक पडतो.

भरून घेण्याआधी चाखायला मागा, कोणी नाही म्हणत नाही. नेलपॉलिशसारखा किंवा व्हिनेगरसारखा वास आला तर टाकी तळाला आली असं समजा आणि शेजारचा नळ बघा. बाटली गळ्यापर्यंत भरून घ्या, आत हवा कमी राहते. मी दोन लिटरच्या वर घेत नाही. पाच लिटरचा कॅन स्वस्त पडतो, पण संपेपर्यंत वाइन मरते.

फ्रँकफर्टहून

इथे जर्मनीत इटालियन रेड म्हणजे दक्षिण इटलीची प्रिमितिवो, प्रत्येक दुकानात ढिगाने. आम्ही काही मराठी मित्रांनी घरी चाचणी घेतली. सगळ्या बाटल्या सात युरोंच्या आतल्या, लेबल दिसू नये म्हणून प्रत्येकीवर मोजा चढवलेला, आणि आधी नुसती वाइन. सगळ्यात जास्त मतं प्रिमितिवोला. मग जेवायला बसलो, वांग्याची पार्मिजाना (टोमॅटो आणि चीज घालून भाजलेली वांगी) आणि पाव. मोजे काढले तेव्हा बार्बेरा रिकामी, मोन्तेपुल्चानो जवळपास संपलेली आणि पहिली आलेली प्रिमितिवो निम्मी शिल्लक. धागाकर्तीचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

मिलानहून

इथल्या सॉमेलिए, म्हणजे वाइनच्या जाणकारांच्या, संघटनेचा, एआयएसचा, कोर्स करतोय. तिथे शिकवतात की वाइन म्हणजे दोन पारडी. एकीकडे साखर, अल्कोहोल, गोलाई. दुसरीकडे आंबटपणा आणि टॅनिन. महाग वाइनमध्ये दोन्हीकडे वजन जास्त, स्वस्तात दोन्हीकडे कमी, पण तोल दोघींनाही साधता येतो. म्हणून स्वस्त वाइन 'पातळ' आहे ही तक्रार मला पटत नाही. हलकी असून समतोल असेल तर ती चांगलीच वाइन. खरे दोष वेगळे: ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब, आणि हे महागड्या बाटलीतही होतं.

अजून एक. 'रेड खोलीच्या तापमानाला' हा सल्ला उन्हाळ्यात विसरा. तीस अंशांत स्वस्त रेड नुसती अल्कोहोलसारखी लागते. फ्रिजमध्ये ठेवून १४-१६ अंशांवर आणा, तीच बाटली ओळखू येणार नाही.

मोडेनाहून

लाम्ब्रुस्को कोणी लिहिली नाही, म्हणून मी लिहिते. बुडबुडेवाली, थंड प्यायची रेड. परदेशात तिची ओळख गोड पेय अशी झालीय, पण इथे लोक 'सेक्को', म्हणजे कोरडी, पितात. तिचे प्रकार बरेच: सोर्बाराची फिकट आणि चांगलीच आंबट, ग्रास्पारोस्साची गडद, थोडी टॅनिनवाली. मोर्ताडेल्ला (डुकराच्या मांसाचं सॉसेज), न्योक्को फ्रित्तो (तळलेल्या पिठाचे तुकडे) असं तुपकट खाणं आणि हे बुडबुडे, एकमेकांसाठीच आहेत.

आता मराठी जेवणाचं. तिखटाबरोबर टॅनिन आणि जास्त अल्कोहोल दोन्ही झोंबतात. माझ्या सुक्क्या मटणाबरोबर कियांतीसुद्धा कडू लागते. थंडगार ग्रास्पारोस्सा, तीही 'आमाबिले', म्हणजे गोडसर, मात्र झकास जाते. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनीही अर्धा ग्लास मागून घेतला.

पेस्काराहून

मोन्तेपुल्चानो दाब्रुत्सो, म्हणजे आमच्या आब्रुत्सो प्रांतातली, मोन्तेपुल्चानो नावाच्या द्राक्षाची. गडद, रसदार, स्वस्त. कोळशावर भाजलेल्या मेंढीच्या मटणाच्या काड्या, आर्रोस्तिचीनी, आणि ही. बास. टस्कनीतल्या मोन्तेपुल्चानो गावच्या महाग 'नोबिले'शी हिचा संबंध नाही, तिथलं द्राक्ष सांजोवेझे आहे.

पुण्याहून

इकडे गणित उलटं. आयात वाइनवर वर्षानुवर्षे सगळं मिळून १५० टक्के सीमाशुल्क राहिलं, वर राज्याचे कर, दुकानाचा नफा. तिकडची 'रोजची' बाटली इथे पोचेपर्यंत सणासुदीची होते. शिवाय मे महिन्यात एसी नसलेल्या दुकानात उभी असलेली बाटली मी तरी घेत नाही. बूच वर सरकलेलं असेल किंवा गळ्याशी ओघळ दिसला तर ती आत शिजलेली असते.

रोजच्यासाठी मी अकलूजजवळची, सोलापूर जिल्ह्यातली सांजोवेझे पिते. फ्रातेल्ली या वाइन कंपनीने तिथे इटालियन भागीदारांबरोबर ही द्राक्षं लावली. कियांतीपेक्षा फळ जास्त पिकलेलं, आंबटपणा थोडा कमी, पण टोमॅटो आणि भाजलेल्या वांग्याबरोबर छान जुळते. सांजोवेझे आवडणाऱ्यांनी नक्की चाखा.

जहाजावरून (तारान्तोला जाऊन-येऊन)

प्रिमितिवोला इतकं झोडपू नका. जास्त साखरेच्या, निर्यातीसाठी बनवलेल्या बाटल्यांवरून मान्दूरिया गावाकडच्या प्रिमितिवोला तोलू नका. तारान्तो बंदराच्या मागे लाल मातीत बुटक्या झुडपांसारख्या जुन्या वेली आहेत. त्यांची वाइन १४ टक्क्यांची असूनही मिठासारखी खमंग लागते. आणि त्याच भागातली सालिचे सालेन्तीनो घ्या, नेग्रोआमारो द्राक्षाची. पाच युरोंत मिळते, शेवट कडवट आणि कोरडा, जेवणाबरोबर अजिबात जड होत नाही. फ्रँकफर्टकरांनी पुढच्या चाचणीत एका मोज्यात ही घालावी.

धागाकर्ती

सालिचे सालेन्तीनो यादीत घेतली. सार्डिनियाची कान्नोनाउ, सिसिलीची नेरो दावोला आणि व्हेनेतोची साधी वाल्पोलिचेल्ला अजून कोणी घेतलेली नाही. व्हेरोना किंवा पालेर्मोला कोणी असेल तर लिहा, आणि कशाबरोबर प्यायलात तेही सांगा.