पावसाळ्यात सिगार सादळतेय: डबा कसा लावायचा आणि सोबत काय वाढायचं?

पडवीवरून

मालवणात समुद्राजवळ चिऱ्याचं कौलारू घर आहे. लाकडी ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे सिगार साठवायच्या पेटीत, २० रोबुस्टो (आखूड, जाड सिगारी) ठेवल्यात. सोबतच्या पत्रकात लिहिल्याप्रमाणे मे महिन्यात पेटी आतून ओल्या फडक्याने पुसली आणि स्पंजात डिस्टिल्ड वॉटर भरलं. आता जुलैत आतला आर्द्रतामापक ८२ टक्के दाखवतो. सिगार दाबली तर बोट रुततं, ओढताना गाल आत जातात, अर्ध्यावर विझते. एकीचं वरचं पान पेटलेल्या टोकाकडून उभं तडकलं. स्पंजाजवळच्या दोघींवर पांढरे ठिपके आलेत.

येत्या शनिवारी चौघांची बैठक आहे, आज सोमवार. तोवर निदान चार सिगारी ओढण्याजोग्या होतील का? जेवण, पेय आणि सिगार यांचा क्रम कसा ठेवावा? जेवण मालवणी आहे, घरात रम आणि एक सिंगल माल्ट आहे. एक पाहुणे दारू घेत नाहीत.

खाडीपलीकडे

पहिली गोष्ट, तो स्पंज आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. ती पत्रकं थंड, कोरड्या हवेच्या देशांसाठी लिहिलेली असतात. तिथे हिवाळ्यात घर तापवलं की हवा पार कोरडी होते, म्हणून पेटीला पाणी पाजावं लागतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बाहेरच ८५-९० टक्के ओलावा असतो. इथे सिगारीला ओलावा द्यायचा नसतो, बाहेरचा आत येऊ द्यायचा नसतो. सगळी मांडणी त्या हिशेबाने उलटी करावी लागते.

लाकडी पेटी पावसाळाभर बाजूला ठेवा. लाकूड फुगतं, झाकण नीट बसत नाही आणि मे महिन्यात पाजलेलं पाणी लाकूड अजून सोडतंय. त्याऐवजी रबरी कड असलेला, चारही बाजूंनी कड्या लागणारा प्लास्टिकचा डबा घ्या. नवा घ्या, मसाल्याचा धुतलेला नको. साबणपाण्याने धुऊन दोन दिवस उघडा ठेवा आणि नाक घालून बघा. काही वास आला तर तो सिगारीत उतरणारच. तळाला सिगारीच्या जुन्या खोक्यातली सिडरची पातळ फळी चालेल, दुसऱ्या कुठल्या लाकडाची नको.

आत ओलावा दोन्ही बाजूंनी सांभाळणारी पाकिटं ठेवा, बोव्हेडा वगैरे. ६० ग्रॅमचं एक पाकीट साधारण २५ सिगारींना पुरतं. ती ६२, ६५, ६९, ७२ टक्क्यांची मिळतात. कोकणात ६५ च्या वर जाऊच नका. तुमच्या सिगारी आधीच भिजल्यात, म्हणून सुरुवातीला ६२ ची दोन ठेवा आणि तीनेक आठवड्यांनी ६५ चं एक. पाकीट फुगून पाण्याच्या पिशवीसारखं लिबलिबीत झालं तर त्याची ओढून घेण्याची ताकद संपली. पावसाळ्यात पाकीट असंच संपतं, उन्हाळ्यात आतून कडक होऊन. कोकणात जुलैत पाकीट फार लवकर फुगलं तर पाकिटाला दोष देऊ नका, डब्याच्या रबराची कड तपासा.

बुटाच्या खोक्यातली सिलिका जेल सिगारीबरोबर टाकू नका. ती ६५ ला थांबत नाही, ओढतच राहते. वरचं पान आतल्या भरणाआधी सुकतं आणि चिरतं.

ठिपक्यांबद्दल. पांढरं दिसलं की बुरशीच धरा. ‘तेल वर आलंय, जुनी झाल्याची खूण’ वगैरे ऐकून स्वतःची समजूत घालू नका. ठिपके फक्त वरच्या पानावर असतील तर कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि ती सिगार महिनाभर वेगळ्या डब्यात ६२ वर ठेवा. पेटवायच्या टोकावर, कापलेल्या तंबाखूत बुरशी दिसली तर सरळ फेका, ती आत गेलेली असते.

शनिवारचं सांगतो. संपूर्ण सिगार आतपर्यंत ताळ्यावर यायला दोन-तीन आठवडे लागतात, पाच दिवसांत पूर्ण होणार नाही. पण चार निवडून छोट्या डब्यात ६२ च्या दोन पाकिटांबरोबर आजच ठेवा. शुक्रवारी रात्री घरात एसीची खोली असेल तर त्या चार उघड्या करून तिथे ठेवा, थेट झोतात नको. परदेशी लोक सिगार सुकवायला नुसत्या कोरड्या खोक्यात ठेवायला सांगतात, तो उपाय इथे पावसात उलटा पडतो, खोक्याबाहेरच नव्वद टक्के असतात. शनिवारी अंगठा-तर्जनीत हलकेच दाबा. दबून परत वर आली तर ठीक. खड्डा तसाच राहिला तर त्या दिवशी पेटवूच नका.

आणि तो मापक खरं बोलतोय का ते आधी बघा. बाटलीच्या झाकणात बारीक टेबल सॉल्ट घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, वर पाणी तरंगता कामा नये. झाकण आणि मापक झिपच्या पिशवीत बंद करून २४ तास ठेवा. आत बरोबर ७५ टक्के होतात. मिठागराचं खडेमीठ वापरू नका. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते ओलावा धरून ठेवतात आणि आतले टक्के ७५ च्या खाली राहतात. मग चांगला मापकही चुकीचा वाटतो.

मिरगाचो पाऊस

साठवणीचं वर आलंच आहे, मी पोटाचं सांगतंय. पयलो मुद्दो: उपाशीपोटी सिगार नको. निकोटिन तोंडाच्या कातडीतूनही आत जातं, धूर गिळला नाही तरी तंबाखू लागते: गरगरतं, घाम फुटतो, मळमळतं. आधी पूर्ण जेवण, मग सिगार. कोणाला लागलीच तर सिगार खाली ठेवायला लावा आणि गूळ-पाणी द्या.

पण जेवणाला लागूनही पेटवू नका. मालवणी मसाल्याने जीभ चटचटत असते, त्यावर गरम धूर नुसता बोचतो, तंबाखूची चव कळतच नाही. ताटं उचलल्यावर पाऊण तास जाऊ द्या. कोंबडी-वडे करणार असाल तर किलोभर कोंबडीला एरवी तीन मोठे चमचे मसाला घालत असाल तर त्या दिवशी दोन घाला, आणि भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचं वाटण थोडं जास्त गडद भाजा. तो खमंग भाजका वास सिगारीशी चांगला जमतो. यांत्रिक बोटींची मासेमारी १ जूनपासून बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईच्या मागे लागू नका. फ्रीजमधल्या जुन्या तुकडीपेक्षा सोड्यांचं सुकं शंभर पटीने बरं. मात्र सोडे, सुके बोंबील जेवणातच संपवा. सिगारीबरोबर सुक्या मासळीचा वास तोंडात कडवट, धातूसारखा होतो.

जेवण आणि सिगार यांच्यामधला दुवा म्हणजे सोलकढी. चौघांना:

एका मोठ्या नारळाचं खोबरं, दीड वाटी कोमट पाणी, दोन लसूणपाकळ्या, एक हिरवी मिरची मिक्सरला फिरवून कापडातून पिळा. चोथ्यात परत वाटीभर पाणी घालून दुसरं दूध काढा. १०-१२ आमसुलं अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा, किंवा तीन मोठे चमचे आगळ. कोकम शेवटी, दूध पूर्ण गार झाल्यावर, थोडं थोडं. दूध गरम असताना आंबट पडलं की फुटतं आणि वर दाणे तरंगतात. आगळात मीठ असतंच, म्हणून चाखल्याशिवाय मीठ घालू नका. आणि बाटली नीट बघून घ्या: आगळ खारट असतं, अमृत कोकम साखरेचं. गडबडीत दुसरं पडलं की कढीचं सरबत होतं. सोलकढी जेवणाच्या शेवटी प्यायची, सिगार हातात असताना नको.

सिगारीबरोबर ताटलीत फार काही नको. मंद भाजलेले काजू, मीठ अगदी कमी. काळपट गुळाचा खडा आणि ओल्या खोबऱ्याची कातळी. सिगारीचं पान गडद, माडुरो असेल तर हा गूळ फार सुंदर लागतो, दोन्हींत तोच जळक्या साखरेचा गोडवा. फणसाचे तळलेले गरे या दिवसांत हमखास सादळतात. कढईत तेल न घालता मंद आचेवर चार-पाच मिनिटं हलवा, पूर्ण गार होऊ द्या, मग डब्यात भरा. गरम भरलेत तर वाफेने परत मऊ.

पेय: गडद रम ४५ मिली, बर्फाचा एकच मोठा खडा. बारीक बर्फ भराभर वितळतो आणि दहा मिनिटांत पाणचट होतं. कोला अजिबात नको, त्याची साखर सगळं झाकते. माल्ट असेल तर बर्फ नको, ३० मिली आणि चमचाभर साधं पाणी. गोव्यात बनणारा पॉल जॉन बहुतेक ४६ टक्क्यांचा असतो, आपल्याकडची नेहमीची बाटली ४२.८ ची, म्हणून पॉल जॉनला पाणी थोडं जास्त लागतं. धुराच्या वासाची माल्ट सिगारीशी झगडते, ती वेगळ्या दिवशी. प्रत्येकाजवळ साध्या पाण्याचा पेला हवाच.

काजूची फेणी सिगारीसोबत नको, तिचा वास सगळ्यांवर बसतो. जेवणाआधी लिंबू, सोडा, मीठ आणि चिरलेली मिरची घालून ती उत्तम. पण गोव्याची बाटली परवानगीशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे हे धरून चला. आपल्याकडे पिण्याचा परवानाही लागतो आणि कडक दारूला वय २५ पूर्ण हवं.

न पिणाऱ्या पाहुण्यांना कोरा चहा, गूळ आणि आल्याचा छोटा तुकडा घालून. रमच्या जवळ जाणारी चव तीच. कोकम सरबत नको, आंबटाने धूर तुरट होतो.

माडाखाली

कापणं आणि पेटवणं राहिलं, तेवढं लिहितो.

कापताना टोपीचा, म्हणजे तोंडात धरायच्या बंद टोकाचा, गोल भाग जिथे सरळ होतो त्या रेषेच्या वर राहा, साधारण २ मिलिमीटर. त्याखाली कापलं तर पानाची गुंडाळी सुटते आणि शेवटपर्यंत ओठाला तुकडे लागतात. तिरुचिरापल्लीचा चिरूट दोन्ही टोकांनी उघडाच असतो, त्याला काही कापावं लागत नाही.

या हवेत काड्या सादळतात, गुल नुसता घासला जातो. ब्युटेनचा लायटर वापरा. काडीच असेल तर गुलाचा भडका विझून लाकूड जळायला लागेपर्यंत थांबा. मेणबत्ती नको, मेणाचा वास जात नाही. ज्योत टोकाला लावायची नाही. बोटभर अंतरावर सिगार फिरवत कड आधी काळपट भाजून घ्या, मग हलके झुरके घेत पेटवा. टोकावर फुंकर घालून बघा: सगळं वर्तुळ सारखं लाल दिसलं पाहिजे.

पडवीत समुद्रावरचा वारा थेट येत असेल तर एक बाजू पुढे जळत जाते आणि होडीसारखा आकार होतो. भिंतीच्या आडोशाला बसा. मागे पडलेली बाजू खाली धरा, दोन मिनिटांत बरोबरीला येते. नाही आली तर तेवढ्याच जागी लायटर लावा. मिनिटाला एक झुरका. घाई केली की गरम होऊन कडू लागते. रोबुस्टोला पाऊण ते एक तास द्या. संपल्यावर चिरडू नका, वाळू घातलेल्या डब्यात ठेवा, आपोआप विझते. हवेने उडालेली राख सुक्या झावळ्यांवर जाऊ नये.

आणि हे लिहिणं भागच आहे: धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका राहतो. रोजची गोष्ट करू नका, आणि घरातली मुलं-म्हातारी माणसं जवळ असताना पेटवू नका.

पडवीवरून

सगळ्यांचे आभार. स्पंज काढला, डबा लावला. डब्यात हलवताना एका सिगारीला टाचणीएवढं गोल भोक दिसलं, खाली तपकिरी भुकटी. वाळवी का?

खाडीपलीकडे

वाळवी नव्हे, तंबाखूचा किडा. दोन-तीन मिलिमीटरचा, तांबूस. अंडी आधीपासूनच पानात असू शकतात, २५ अंशांवर आणि ओलाव्यात फुटतात. हाच किडा हळदीत आणि सुक्या मिरचीत पडतो, म्हणून सिगारीचा डबा मसाल्याच्या फळीवर कधीच नको.

भोकाची सिगार टाका. बाकी सगळ्या, न दिसलेल्याही, दोन झिप पिशव्यांत एकात एक बंद करा, फ्रीजरमधल्या मासळीचा वास लागू नये म्हणून दोन. आधी २४ तास फ्रीजमध्ये, मग पूर्ण तीन दिवस फ्रीजरमध्ये उणे १८ ला, परत २४ तास फ्रीजमध्ये, मग खोलीत एक दिवस. पिशवी या शेवटच्या दिवसानंतरच उघडायची, आधी उघडली तर थंड पानावर दव धरतं. मध्ये वीज बराच वेळ गेली तर तीन दिवस पहिल्यापासून मोजा. शनिवारच्या चार नीट तपासा. भोक नसेल तर त्या यातून वगळा.

पुढे डबा माजघरात, जमिनीलगत ठेवा. कौलांखालच्या फळीवर दुपारी फार तापतं.

पडवीवरून

मिठाची चाचणी झाली. २४ तासांनी मापक ७९ दाखवतो.

खाडीपलीकडे

म्हणजे चार जास्त दाखवतोय. तुमचे ८२ खरे ७८ होते, बुरशीला तेवढेही पुरतात. मापकाच्या पाठीला कागदाची पट्टी चिकटवून ‘४ वजा’ लिहून ठेवा आणि नव्या डब्यात तो ६६ वर स्थिरावला की ६२ ची पाकिटं काढून ६५ चं घाला.